फळा कुणी भरला?

सकाळचा पहिला तास. शाळेच्या संगणक-खोलीतला संगणक नुकताच चालू केलेला आहे. अजून कुणी चित्र काढायला घेतलेले नाही की निबंध टंकायला घेतलेला नाही. नववीतली एखादी चौकस मुलगी पडद्यावर टास्क मॅनेजर उघडते आणि विचारते, "सर, आपण तर अजून काहीच सुरू केलेले नाही. मग आठ जीबीपैकी चार जीबी मेमरी वापरली कुणी?"

या प्रश्नावर तयार उत्तरे पुष्कळ मिळतात. एक जण म्हणतो, व्हायरस असेल. दुसरा म्हणतो, बंद करून पुन्हा चालू करा. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवून घ्या. यांतले प्रत्येक उत्तर कधी ना कधी बरोबर असते. पण तपास न करता दिलेले उत्तर बरोबर निघाले, तर तो केवळ योगायोग. आणि चुकले तर शाळेचे पैसे जातात, दुखणे तसेच राहते.

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत तो निरनिराळ्या रूपांत पुढे आला, आणि प्रत्येक वेळी त्याने तपासाची एक नवी रीत शिकवली. ती हकिगत आपण क्रमाने पाहू. म्हणजे त्या मुलीला काय सांगायचे, हेही आपोआप ठरेल.

फळा आणि वही

संगणकाची स्मृती, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातली मेमरी किंवा रॅम, ही वर्गातल्या फळ्यासारखी आहे. जे काम चालू आहे ते फळ्यावर. जे जपून ठेवायचे ते वहीत, म्हणजे डिस्कवर. फळ्यावरचे झटकन दिसते, पण फळा लहान असतो आणि वीज गेली की पुसला जातो. वही मोठी असते, पण पाने उलटण्यात वेळ जातो.

फळ्याच्या बाबतीत आपल्या सर्वांच्या परिचयाची आणखी एक गोष्ट आहे. एखादे शिक्षक तास संपल्यावर कोपऱ्यातल्या मजकुराभोवती चौकट काढतात आणि लिहितात, 'पुसू नये'. पुढच्या तासाचे शिक्षक ती चौकट सोडून उरलेला फळा पुसतात. चौकटीबाहेरचा जुना मजकूर नुसता राहून गेलेला असतो. गरज पडली की तो खुशाल पुसावा. म्हणजे फळा भरलेला दिसला तरी त्यावर दोन प्रकारचा मजकूर असतो: पुसता येणारा आणि न पुसता येणारा. आपल्या प्रश्नाची निम्मी उकल या भेदात आहे.

हिशेब तोंडपाठ होता तेव्हा

इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका छोट्या प्रायोगिक यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्रॅम चालवला. त्या स्मृतीत ३२ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत ३२ बिट, म्हणजे सारे मिळून १,०२४ बिट. एवढ्या जागेत कुठे काय आहे हे माणसाला तोंडपाठ सांगता येई.

आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफरॅक हा संगणक कामाला लागला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापात हे बरोबर १० किलोबाइट होतात. त्या काळी प्रोग्रॅम लिहिणारा स्वतःच कागदावर हिशेब मांडत असे: अमुक घरापासून तमुक घरापर्यंत आकडे, पुढे सूचना. स्मृती कुणी वापरली हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण वापरणारा तोच असे. प्रश्न उद्भवला तो हा हिशेब माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेला तेव्हा.

फळा मोठा असल्याचा भास

डिसेंबर १९६२ मध्ये मँचेस्टरलाच अॅटलस या संगणकाचे उद्घाटन झाले. टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी त्यात एक नामी युक्ती योजली होती. अॅटलसची वेगवान स्मृती सुमारे १६ हजार शब्दांची होती. तिच्या जोडीला सुमारे ९६ हजार शब्दांचे फिरते चुंबकीय पिंप होते, पण ते हजारो पटींनी संथ होते. किलबर्न यांनी ५१२ शब्दांचे एक 'पान' ठरवले आणि पाने पिंपातून स्मृतीत व स्मृतीतून पिंपात नेण्या-आणण्याचे काम यंत्रावरच सोपवले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एकच एक मोठा फळा असल्यासारखे वाटे. कोणते पान कधी वहीत गेले आणि कधी परत फळ्यावर आले, याची त्याने चिंता करायची नाही.

आजचा प्रत्येक घरगुती संगणक ही युक्ती वापरतो. पण सोयीची किंमत मोजावी लागतेच. या भासमान फळ्यामुळे 'किती स्मृती वापरली' या प्रश्नाला एकच एक उत्तर उरले नाही. प्रोग्रॅमने मागितलेली किती, खरोखर फळ्यावर असलेली किती आणि वहीत जाऊन पडलेली किती, असे तीन वेगळे आकडे तयार झाले.

शिवाय एक नवा रोगही जडला. एकाच संगणकावर अनेकांची कामे चालवताना असे दिसे, की कामे वाढवत गेले की एका मर्यादेनंतर यंत्राचा वेग एकदम कोसळतो. प्रत्येक काम दुसऱ्याचे पान फळ्यावरून हटवून आपले पान मागवी, आणि दुसऱ्याला ते लगेच पुन्हा हवे असे. सारा वेळ पाने नेण्या-आणण्यात जाई आणि गणन करणारा भाग रिकामा बसे. तो रिकामा दिसतो म्हणून यंत्र आणखी कामे आत घेई, आणि दुखणे वाढे! पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या कोसळण्याची मीमांसा केली. त्यांनी दाखवले, की प्रत्येक कामाला त्या त्या वेळी लागणारा पानांचा एक संच असतो. तो पुरता फळ्यावर मावला तर काम सुरळीत चालते, नाही तर धांदल उडते.

यातून निदानाचे पहिले सूत्र मिळते. स्मृती भरलेली असणे हा रोग नाही. पानांची धावपळ वाढणे हा रोग आहे. संगणक ठीक चालत असेल, डिस्क सतत खरखरत नसेल किंवा तिचा दिवा अखंड लुकलुकत नसेल, तर भरलेल्या आकड्याला घाबरण्याचे कारण नाही.

रंगीत तालमीचा कचरा

याच सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी लिस्प ही भाषा घडवत होते. या भाषेत काम चालू असताना यंत्र हवी तेवढी स्मृती घेत जाई. काम झाले की त्यातली बरीचशी निरुपयोगी होई, पण ती परत कुणी करायची? मॅकार्थी यांनी यंत्रालाच ते काम शिकवले. जागा संपत आली की यंत्राने थांबायचे, जिथपर्यंत अजून कोणता ना कोणता धागा पोहोचतो त्या घरांवर खूण करायची, आणि खूण नसलेली सारी घरे रिकामी झाली असे समजायचे. या झाडलोटीला त्यांनी 'कचरा गोळा करणे' असेच नाव दिले. तिचे वर्णन १९६० मध्ये छापून आले.

पाहुण्यांसमोर लिस्पचे पहिले थेट प्रात्यक्षिक होते, तेव्हाची एक गंमत मॅकार्थी यांनी पुढे लिहून ठेवली आहे. सगळे व्यवस्थित चालले असताना यंत्राशी जोडलेला टंकलेखक मध्येच खडखडू लागला. कचरा गोळा करणाऱ्याला पाचारण केले आहे, त्याची काही मनोरंजक आकडेवारी अशी आहे, अशा थाटाचा मजकूर तो सेकंदाला दहा अक्षरे या गतीने टंकत सुटला. कचऱ्याविषयी पाहुण्यांना कुणी काहीच सांगितलेले नव्हते! प्रात्यक्षिकाचा उरलेला वेळ त्यातच जाणार हे उघड होते, आणि मॅकार्थी व व्याख्याते दोघांनाही हसू आवरेना.

असे का झाले? आधीच्या रंगीत तालमीत हा प्रकार घडला नव्हता. पण तालीम संपल्यावर स्मृती पुन्हा कोरी करायची राहून गेली. तालमीचा कचरा तसाच राहिला आणि खऱ्या प्रयोगात जागा संपली. आपण आत्ता काय करत आहोत एवढे पाहून स्मृतीचा हिशेब लागत नाही. आधी काय काय होऊन गेले तेही पाहावे लागते.

घरगुती संगणक आणि चुकीचे माप

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त एक मेगाबाइट स्मृती हाताळू शके. त्यातले ६४० किलोबाइट प्रोग्रॅमसाठी आणि बाकीचे पडदा व इतर यंत्रणेसाठी राखून ठेवलेले होते. ज्यांनी डॉसच्या काळात शाळेत संगणक शिकवला त्यांना आठवत असेल, की 'मेम' ही आज्ञा दिली की कोणता प्रोग्रॅम किती जागा अडवून बसला आहे याची यादी येई. पडद्याआड दबा धरून राहणारे छोटे प्रोग्रॅमही त्या यादीत सापडत.

मग आले विंडोज. १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीत एक विचित्र अनुभव येऊ लागला. संगणकात कित्येक मेगाबाइट मोकळे असतानाही 'स्मृती अपुरी आहे' अशी तक्रार पडद्यावर उमटे. लोक जादा स्मृती विकत घेऊन बसवत आणि तक्रार तशीच राही. कारण असे, की खिडक्या, चिन्हे, रंगाचे कुंचले अशा गोष्टींच्या नोंदी ठेवायला विंडोजने काही ठरावीक कप्पे केले होते, आणि एक कप्पा फक्त ६४ किलोबाइटचा होता. तो भरला की बाहेर कितीही जागा असून उपयोग नसे. त्यातून काही प्रोग्रॅम बंद होताना आपले कुंचले परत करायला विसरत. दिवसभरात कप्पा भरत जाई आणि विंडोज पुन्हा सुरू केल्याशिवाय रिकामा होत नसे. 'बंद करून चालू करा' हा मंत्र आपल्याकडे रुजायला असे अनुभवही कारणीभूत झाले असावेत. १९९५ च्या विंडोजमध्ये ही अडचण पुष्कळ कमी झाली.

दुसरे सूत्र यातून मिळते: आपण जो आकडा पाहत आहोत तो नेमका कशाचा आहे, हे आधी विचारावे. हौद भरलेला असला तरी नळाखालची घागर लहान असू शकते.

लंडनची ती रात्र

आतापर्यंतच्या गोष्टी गैरसोयीच्या होत्या. पुढची गोष्ट माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने आपला कारभार नव्या संगणक-यंत्रणेवर नेला. कुणाचा दूरध्वनी आला की जवळची मोकळी रुग्णवाहिका शोधून तिला निरोप द्यायचा, हे तिचे काम. ही यंत्रणा मोठ्या खास संगणकावर नव्हे, तर पर्सनल कॉम्प्युटरवर आणि विंडोजवर उभारलेली होती. पहिल्या दोन दिवसांतच तिचा बोजवारा उडाला. त्याची कारणे अनेक होती आणि त्यांत माणसांच्या व्यवस्थापनाची कारणे मोठी होती. मग काही कामे संगणकाने, काही हाताने अशी तडजोड करून गाडी चालू राहिली.

४ नोव्हेंबरच्या पहाटे दोननंतर मात्र यंत्रणा संथ होत गेली आणि अखेर ठप्प झाली. बंद करून चालू करण्याचा उपायही लागू पडला नाही. कर्मचारी पुन्हा दूरध्वनी आणि कागदाकडे वळले.

फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशी अहवाल आला. त्यात या ठप्प होण्याचे कारण दिले आहे. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅमरने काही काम करताना प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा चुकून आत ठेवला होता. रुग्णवाहिका रवाना करण्याची प्रत्येक नोंद झाली, की हा तुकडा मुख्य संगणकाची थोडीशी स्मृती घेई आणि परत करत नसे. तीन आठवड्यांत थेंबाथेंबाने सारी स्मृती संपली.

आपल्या फळ्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक निरोपागणिक कुणीतरी एक बारीकशी चौकट काढत होते आणि 'पुसू नये' लिहून निघून जात होते. चौकटीचा मालक कधीच परतणार नव्हता. या प्रकाराला स्मृतीची गळती म्हणतात.

गळती चाचणीत का सापडत नाही, हे साध्या गणितावरून कळेल. केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. प्रत्येक कामात ४ किलोबाइट गळतात आणि दिवसाला २,००० कामे होतात. म्हणजे दिवसाला ८,००० किलोबाइट, ढोबळमानाने ८ मेगाबाइट. ६४ मेगाबाइट मोकळे असतील तर आठव्या दिवसापर्यंत कुणाच्याच काही लक्षात येणार नाही. तासाभराच्या चाचणीत तर ही गळती दिसायचीच नाही. म्हणून तिसरे सूत्र: एका क्षणाच्या आकड्यावरून निदान होत नाही, वेळेबरोबर तो कसा बदलतो ते पाहावे. तापाचे निदान करताना डॉक्टर तक्ता ठेवतात, तसेच.

याच काळात गळती शोधायची साधनेही तयार होऊ लागली. रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांनी १९९२ मध्ये प्युरिफाय या साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. घेतलेली पण आता कोणताच धागा पोहोचत नाही अशी जागा ते शोधून दाखवी. मॅकार्थी यांचीच कल्पना येथे तपासासाठी वापरली होती. २००२ मध्ये ज्युलियन सीवर्ड यांचे व्हॅलग्राइंड आले. ते सर्वांना मोफत उपलब्ध झाले.

रिकामा फळा म्हणजे वाया गेलेला फळा

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आले आणि उलट्या प्रकारची ओरड सुरू झाली. टास्क मॅनेजरमध्ये 'मोकळी स्मृती' जवळजवळ शून्य दिसे. वास्तविक व्हिस्टा मोकळ्या जागेत आपल्याला लवकरच लागतील असे प्रोग्रॅम आणि फायली आधीच आणून ठेवत होते. हा मजकूर चौकटीबाहेरचा होता. कुणी जागा मागितली की तो लगेच पुसला जाई. लिनक्स वापरणाऱ्यांनाही असाच घोळ पडे. म्हणून २०१४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात 'मोकळी' याहून वेगळा 'मिळू शकेल अशी' स्मृती दाखवणारा आकडा घालण्यात आला. आकड्याचे नाव नीट ठेवणे हेही शास्त्राचेच काम, हे येथे दिसते.

२०१५ मध्ये विंडोज १० ने क्वचित लागणारी पाने वहीत टाकण्याऐवजी फळ्यावरच दाबून बारीक करून ठेवायला सुरुवात केली. ती 'सिस्टिम' या नावाखाली मोजली जात. तो आकडा फुगलेला पाहून अनेकांना गळतीची शंका आली. प्रत्यक्षात ती काटकसर होती!

पण प्रत्येक शंका खोटी नसते. फायरफॉक्स या न्याहाळकाविषयी तो स्मृती फार खातो अशी तक्रार वर्षानुवर्षे होती. २०११ मध्ये निकोलस नेदरकोट यांच्या पुढाकाराने तिचा रीतसर तपास सुरू झाला. व्हॅलग्राइंडच्या बांधणीतही त्यांचा हात होता. स्मृती कोणत्या कामासाठी, कोणत्या पानासाठी गेली याची तपशीलवार खतावणी त्यांनी वाढवत नेली. तेव्हा दिसले, की वापरणाऱ्याने बंद केलेली पाने स्मृतीत जिवंतच राहत होती. दोष बऱ्याच वेळा फायरफॉक्सचा नव्हता. इतरांनी लिहिलेल्या छोट्या पुरवण्या त्या पानांचा धागा सोडत नव्हत्या. ऑगस्ट २०१२ च्या पंधराव्या आवृत्तीत पान बंद होताच हे धागे कापण्याची सोय झाली आणि पुरवण्यांमुळे होणारी बहुतेक गळती थांबली. चौथे सूत्र हेच: ज्याच्या नावावर खर्च दिसतो तोच खर्च करणारा असेल असे नाही.

कधी कधी तर खर्च कुणाच्याच नावावर दिसत नाही. यादीतल्या सर्व प्रोग्रॅमची बेरीज दोन जीबी आणि वापर मात्र सहा जीबी! अशा वेळी संशय कार्यप्रणालीच्या गाभ्यात काम करणाऱ्या ड्रायव्हरवर जातो. जाळ्याचे कार्ड, छपाईयंत्र यांना चालवणारे हे प्रोग्रॅम साध्या यादीत येत नाहीत. विंडोजमध्ये त्यांनी घेतलेल्या जागेवर चार अक्षरांची खूण असते. पूलमॉन हे साधन या खुणांची यादी देते. कोणत्या खुणेचा आकडा सतत चढतो हे पाहिले, की त्यावरून ड्रायव्हरचा माग काढता येतो.

आता त्या मुलीचा प्रश्न

तिला उत्तर देण्याऐवजी आपण तिच्या हाती वही देऊ. आठवडाभर हा प्रयोग वर्गाने करावा.

पहिल्या दिवशी संगणक चालू केल्यावर दहा मिनिटांनी 'वापरात' आणि 'उपलब्ध' हे दोन आकडे लिहावेत. मग दर अर्ध्या तासाला तेच आकडे, सोबत त्या वेळी काय काय उघडे होते ते. टास्क मॅनेजरमध्ये सर्वांत वरच्या पाच प्रोग्रॅमचे आकडेही टिपावेत. दिवसाअखेर सर्व प्रोग्रॅम बंद करून पुन्हा एकदा नोंद करावी. आठवड्याने आलेखकागदावर वेळ आणि वापर यांचा आलेख काढावा.

आलेख वर चढून एका पातळीवर स्थिरावला, आणि संगणक चपळ असला, तर काळजी नाही. सकाळचे चार जीबी हा कार्यप्रणालीचा आणि पडद्याआडच्या नेहमीच्या कामांचा खर्च. काम वाढले की संगणक रखडतो आणि बंद केल्यावर वापर उतरतो, असे असेल तर डेनिंग यांचा पानांचा संच फळ्यावर मावत नाही. येथे दुकानदाराचा सल्ला खरा. पण सर्व बंद करूनही आलेख उतरत नसेल आणि रोज त्याच कामाबरोबर पायरी पायरीने चढत असेल, तर ती गळती. तेव्हा नवी रॅम बसवणे म्हणजे गळक्या हौदाला उंच भिंत बांधणे. पाणी आठवड्याऐवजी पंधरवड्याने संपेल, एवढाच फरक. अशा वेळी एकेक पुरवणी, एकेक पडद्याआडचा प्रोग्रॅम बंद करून आलेख पुन्हा काढावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही पाळावा. दोषी सापडला की त्याची सुधारित आवृत्ती घ्यावी किंवा त्याला काढून टाकावे. यादीत नाव नसलेला आणि संगणक सुरू होताच जागा बळकावणारा प्रोग्रॅम आढळला, तर व्हायरसची शंकाही तपासून घ्यावी.

आणि 'बंद करून चालू करा' या सल्ल्याचे काय? त्याने फळा पुसला जातो हे खरे. तातडीच्या वेळी तो उपाय जरूर करावा. पण फळ्याबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून बटण दाबण्याआधी पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून घेण्याची सवय मुलांना लावू या. कोपऱ्यातली चौकट कुणी काढली, ते त्या वहीवरूनच कळणार आहे.